यंत्रावर ठेवलेला खण

कुरुंदा,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रतिक्षा हीस आत्याचा आशीर्वाद.

तू पुण्याला गेल्यापासून हे माझं दुसरं पत्र. पहिल्याला उत्तर आलं न्हाई, ते कामाच्या नावानं माफ केलं. दुसऱ्याला करणार न्हाई. तुझा बाप म्हणतो, आक्का, फोन करत जा. त्याला काय सांगावं. तापात माझे कान गेले ते गेलेच, आन् ते मशीन कानात घातलं की डोक्यात भुंगा कोंडल्यावानी होतं. आपल्या सोम्याच्या मोबाईलवर लिहिलंस तर आधी सारी गल्ली वाचते आन् शेवटी त्याची आई, म्हंजे मी. त्यापरीस पोस्टमन बरा. त्याला वाचायचा कंटाळा हाय.

आता कामाचं. तुह्या कंपनीचा विश्वंभर काल समाजमंदिरात आमच्या बचतगटापुढं बोलून गेला. म्हणे यंदा हळद शिजवायची न्हाई. ओली धुवायची, यंत्रावर तिचे काप करायचे आन् तसेच उन्हात वाळवायचे. काप कंपनी घेणार, भाव बाजारापेक्षा चांगला. मी मुद्दाम पुढं बसले होते. पण त्याला हे एवढाल्या मिशा. ओठच दिसत न्हाईत तर मी वाचू काय? आपल्या गटाची मिना हाय ना, तिनं हातावर लिहून लिहून मला सांगतलं.

बोलणं झालं आन् साऱ्या बायका माह्याकडं बघून राहिल्या. कान गेले तरी गटाची अध्यक्ष मी, शब्द माझाच चालतो. तेवढंच उरलंय म्हण. रुख्मिणीबाई, आपली शेजारीण, तिचं वेगळंच. ती माह्याशी बोलायचं म्हणलं की आधी खांद्याला हात लावते, मी वळले की मंग तोंड उघडते, म्हून तिचं सारं बराबर कळतं. म्हणे, सुमनबाई, शिजवून वाळवलेली कांडी वसमतच्या बाजारात कोणी बी घेतंय. काप एकदा केला की त्याची परत कांडी होत न्हाई. कंपनी न्हाई आली तर ते कोणाच्या दारात ओतायचे? ती अशीच. वाफेचा कुकर गावात आला तवा बी ही वर्षभर त्याच्या जवळ गेली नव्हती.

मी सांगतलं, माही भाची त्या कंपनीत हाय, तिचं येऊ द्या.

तर तू सांग. आन् अजून एक. हळद शिजवायच्या पह्यल्या दिवशी कढईवर माहेरचा खण ठेवायचा, मगच जाळ लावायचा, ही आमच्या सासूबाईची रीत तुला ठावं हाय. तुही आई दरसाली संक्रांतीला धाडते. यंदा कढई न्हाई, यंत्र हाय. तर त्या यंत्रावर तुह्या नावाचा खण पायजे. तो आला की मी समजीन तू हो म्हणलीस, आन् मगच हळदीला पातं लागंल. त्या मिशांवर माझा भरवसा न्हाई.

तुला सून करून घ्यायचं म्हणत होते तवा शिकाया पळालीस. बरंच केलंस. सोम्यासंगं राहून तू काय शिकली असतीस, ट्रॅक्टर दुरुस्ती?

तुही आत्या,
सुमन

*

पुणे,
१५ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. आधी रागव, मग पुढचं वाच.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि सगळे माझ्या टेबलाशी गोळा झाले. निळं अंतर्देशीय पत्र म्हणजे त्यांना नवलच. एकीनं फोटो काढला. मी म्हटलं, फोटो काढा, पण वाचू नका, आमच्या आत्यानं कुणाच्या मिशा काढल्यात त्यात.

माझ्या कामाचं नाव 'शेतकरी संवाद'. विश्वंभर समाजमंदिरात जे बोलला ते इथं बसून मीच लिहिलं होतं. त्यामुळं शिव्या द्यायच्या तर मला दे. कापांची गोष्ट खरी आहे. त्यांच्यातून रंग आणि औषधाचा अर्क काढतात, बाहेरदेशी त्याला मागणी आहे. सरपण नको, धूर नको, कढईजवळ उभं राहून तुझे हात भाजतात ते नको. मागच्या वर्षी तुझा हात बघितला तेव्हाच ठरवलं होतं की आपल्या गावाचं नाव यादीत घालायचं. मीच घातलं.

पण खण पाठवायला मला थोडं थांबू दे. महिनाअखेरीला मोठी बैठक आहे. किती माल घ्यायचा हे तिथं पक्कं होईल. ते झालं की मी स्वतः हिंगोलीच्या बाजारात जाऊन तुला आवडतो तसा खण घेईन, हिरवा, लाल काठाचा.

रुख्मिणीबाईंना सांग, त्यांची आरोही नर्सिंगला लागली की माझ्याकडून तिला घड्याळ.

तुझी लाडकी,
प्रतिक्षा

*

कुरुंदा,
५ जानेवारी २०२५

चि. प्रतिक्षा,

तुही बैठक झाली असंल. न्हाई झाली तर त्या लोकांना म्हणावं लवकर बसा, हळद काही कुणासाठी थांबत न्हाई.

पाला कापून झाला. आता खणायला मजूर सांगायचे. उकंडराव दोन वेळा येऊन गेला. गावात कुकर त्याचा एकट्याचाच, आन् साऱ्या गटाची हळद कढईत निघत न्हाई. तो म्हणतो, तुमच्या गटाचा नंबर मी धरून ठेवलाय, पायजे का नको ते सांगा, माह्या दारात माणसं उभी हायेत. एकदा नंबर सोडला की मंग तो थेट होळीला मोकळा होईल. तवर खणलेली हळद कुजून जाईल. म्हंजे आता शिजवायचं का कापायचं हे संक्रांतीला ठरलंच पायजे. दोन्हीकडं पाय ठेवता येत न्हाई.

बायका रोज विचारून राहिल्या. आलं का प्रतिक्षाचं? रुख्मिणीबाई तर म्हणे, तिचं न येणं हेच उत्तर समजा आन् कुकर धरा. मी तिच्यावर रागावले. सगळ्यांसमोर म्हणलं, तुला माह्या भाचीवर इस्वास न्हाई तर तू तुही एकटीची शिजव, आमी बघतो. नंतर मला वाईट वाटलं, पण बोललेलं वापस कसं घ्यावं? ती विधवा बाई, तिचं सारं साल त्या हळदीवर. आरोहीला नांदेडला ठेवायचं हाय. तिनं सोबत यावं असं मला लई वाटतं. ती आली तर साऱ्या येतात.

तू संक्रांतीला कनेरगावला घरी येणार हायेस असं भाऊ कळवतो. तिथून धाड. खण आला की कुकरचा नंबर सोडते.

तुही वाट पाहणारी,
आत्या

*

कनेरगाव नाका,
१५ जानेवारी २०२५

ती. आत्या यांस,

सा. न. वि. वि.

काल संक्रांत झाली. बाबांच्या धाब्यावर गर्दी होती, त्यामुळं लिहायला आज बसले. तुमचं पत्र पोचलं. तुमची आणि सर्व भगिनींची उत्सुकता मी समजू शकते.

बैठक झाली. जागतिक बाजारात सध्या बरेच बदल होत आहेत आणि कंपनी सर्व शक्यतांचा विचार करत आहे. कापांच्या उपक्रमाबद्दल कंपनी आजही उत्सुक आहे. काही गोष्टी अंतिम व्हायच्या आहेत. त्या झाल्या की योग्य वेळी कळवण्यात येईलच. तोपर्यंत घाई करण्याचं तसं कारण नाही. प्रत्येकीनं आपापल्या सोयीनं, सर्व बाजूंचा विचार करून निर्णय घेतला तर ते अधिक योग्य ठरेल असं मला वैयक्तिकरीत्या वाटतं. हळद जमिनीत काही दिवस राहू शकते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आत्या, तब्येतीला जप. तिळगूळ आईनं केलेत. पत्र आईजवळ देते आहे, ती उद्या कुरुंद्याकडं जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पिशवी पाठवेल. मला आज दुपारच्याच गाडीनं निघावं लागतंय.

तुमची,
प्रतिक्षा

*

कुरुंदा,
२४ जानेवारी २०२५

चि. प्रतिक्षा,

शंभर वर्षाची हो.

पिशवी पोचली. तिळगूळ, पत्र आन् खाली घडी घालून खण. हिरवा, लाल काठाचा. त्याच्यावर वहिनीच्या हातची चिठ्ठी, 'प्रतिक्षाच्या नावाचा'. मला रडूच आलं. तुही आई म्हंजे, मी तिला कितीदा बोलले असंल, पण रीत विसरली न्हाई.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मला काय कळलं न्हाई त्यातलं, खरं सांगते. मला कवापासून तुमी म्हणाया लागलीस? मिनाला दाखवलं तर ती म्हणे मोठ्या हापिसात असंच लिहावं लागतं, सरळ लिहिलं तर साहेब रागावतात. मी म्हणलं असंल बाई. पत्र न्हाई कळलं, पण खण कळला.

त्याच दिशी उकंडरावाला सांगून कुकरचा नंबर सोडला.

रुख्मिणीबाईकडं मी खण घेऊनच गेले. तिच्या हातावर ठेवला. म्हणलं, बघ, माह्या माहेरचा हाय, लेकीनं धाडलाय, आता तरी चल. तिनं तो उलटून पालटून बघितला. मंग माह्या खांद्याला हात लावून म्हणे, तुमच्यावर सोडते सुमनबाई. एवढंच म्हणली. दुसऱ्या दिशी तिची हळद सगळ्यात आधी धुवून तयार.

यंत्रावर खण ठेवला, हळदकुंकू वाह्यलं, नारळ फोडला. जिवनबाई तांड्यावरून तिच्या दोन सुना घेऊन कामाला आली होती. काप असे पडत होते की बघत राहावं. ओला केशरी रंग. धूर न्हाई, डोळे चोळणं न्हाई. बायका हसून राहिल्या होत्या. मला हसू ऐकू येत न्हाई, पण दिसतं. समाजमंदिराच्या गच्चीवर, शाळेच्या अंगणात, जिथं जागा तिथं काप पसरलेत. साऱ्यांचे हात पिवळे. सोम्या म्हणतो सगळ्या गावाला हळद लागलीया, आता नवरदेव कुठून आणायचे.

कंपनीची गाडी कवा येणार तेवढं कळव.

तुही आत्या

*

कुरुंदा,
२० फेब्रुवारी २०२५

चि. प्रतिक्षा,

तुझं उत्तर न्हाई. आजारी हायेस का?

काप वाळून पोत्यात भरले, समाजमंदिरात थप्पी लावली. गाडी आली न्हाई. विश्वंभर फोन उचलत न्हाई म्हणे. गेल्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज आला. सोम्यानं मला दाखवला. 'खरेदी प्रक्रियेबाबत कंपनी सकारात्मक असून योग्य वेळी कळवण्यात येईल. आपल्या संयमाबद्दल आभार.' तुह्या संक्रांतीच्या पत्रात हेच होतं बाई. मोबाईलला अक्षर नसतं, पण बोलणं तुझंच होतं.

ह्या पत्राचं उत्तर साधं लिही. गाडी येणार का न्हाई?

आत्या

*

पुणे,
९ मार्च २०२५

आत्या,

गाडी येणार नाही.

हे वाक्य मी डिसेंबरपासून लिहायला बघत होते.

त्या बैठकीत ठरलं होतं. बाहेरच्या ज्या मोठ्या गिऱ्हाईकासाठी काप घ्यायचे होते त्यानं हात काढून घेतला. वसमतकडचं केंद्र बंद करायचं ठरलं. पण दुसऱ्या एका गिऱ्हाईकाशी बोलणं चालू होतं. ते जमलं तर माल तयार हवा, आणि नाही जमलं तर कंपनीनं कुणाला 'घेऊ' म्हटलेलं नको. म्हणून गावांना हो पण म्हणायचं नाही आणि नाही पण म्हणायचं नाही, असं वरून आलं. तसं लिहायचं काम माझ्याकडं आलं. 'उत्सुक आहोत', 'सकारात्मक आहोत', ते सगळं माझं आहे. दुसरं गिऱ्हाईकही फेब्रुवारीत गेलं.

मी भ्याले. मी अजून नवी आहे तिथं. बाहेर काही बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस, असं स्पष्ट सांगितलं होतं. आणि बाबांनी धाब्यावर जेवायला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांनासुद्धा सांगितलंय की माझी पोरगी पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. मला ते डोळ्यांसमोर येत होतं. तरी मी तुला लिहिलं होतं, आत्या. घाई नको असं लिहिलं होतं. हळद जमिनीत राहू शकते असं पण लिहिलं होतं. मला वाटलं, तू हुशार आहेस, तुला कळेल.

आणि खण मी पाठवला नव्हता. मी तो घेतलाच नव्हता. तू मागितलास हे आईला बोलता बोलता सांगितलं होतं, तिनं दरवर्षीसारखा आणून पिशवीत ठेवला, माझ्या नावाची चिठ्ठी लावून. मला तुझ्या जानेवारीच्या पत्रातून कळलं. ते पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं. तेव्हाच फोन करून सोम्याला सांगायला हवं होतं, पण काप पडून गेले होते. मग वाटलं, दुसरं गिऱ्हाईक जमेल.

काय करू ते सांग. मी साहेबांशी बोलले. ते म्हणाले, आपण कुठंच शब्द दिलेला नाही, चेक कर. मी चेक केलं. खरंच दिलेला नाही.

प्रतिक्षा

*

कुरुंदा,
२२ मार्च २०२५

प्रतिक्षा,

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच आमाला कळलं होतं.

वाट बघून बायका थकल्या, तवा सोम्यानं पिकअपमध्ये थोडी पोती भरली आन् मी, मिना आन् रुख्मिणीबाई वसमतला गेलो. पह्यल्या आडत्यानं मूठभर काप घेतले, वास घेतला, परत पोत्यात टाकले. म्हणे, मावशी, हा आमचा माल न्हाई. त्याला मिशा नव्हत्या. सगळं बराबर दिसलं. दुसऱ्यानं तर हात बी लावला न्हाई. तिसरा म्हणे, शिजवली का न्हाई? एवढी चांगली हळद व्हती, अशी काहून नासवली? रुख्मिणीबाई माह्या बाजूला उभी होती. येताना साऱ्या रस्त्यानं पोत्यावर हात ठेवून बसली होती.

आरोही आता वारंगा फाट्याला एका दुकानात कामाला जाते. नांदेडचं राहिलं. तुझं घड्याळ राहू दे.

तू म्हणतीस मी लिहिलं होतं. मी ते पत्र परत काढून वाचलं. व्हय, हाय त्यात. तांदळाच्या पोत्यात खडा असावा तसं हाय. शोधला की सापडतो. मी शोधायला पायजे होता काय? कान गेलेल्या बाईनं तुह्या पत्रात आडबाजूला काय ठेवलंय ते हुडकत बसायचं होतं? एक ओळ लिहायची होतीस. आत्या, कापू नको. तीन शब्द. त्याला काय साहेब आडवा येत होता, तू तर बापाच्या घरी बसली होतीस.

मला राग आलाय, प्रतिक्षा. तुला लहानपणी मी या हातानं न्हाऊ घातलंय आन् ह्या हातानं तुला मारावं वाटतं. तुह्यापेक्षा जास्ती माझाच राग येतो. रुख्मिणीबाई तिची एकटीची शिजवणार होती. मी खण घेऊन तिच्या दारात गेले. तू न्हाई गेलीस, मी गेले.

आता ऐक, काय झालं ते.

वसमतहून आलो त्याच्या दुसऱ्या दिशी बायका समाजमंदिरात जमल्या. म्हणल्या, तुमची भाची काय म्हणली होती ते सांगा. न्हाईतर आमी साऱ्या कनेरगावला जाऊन तुमच्या भावाच्या धाब्यापुढं बसतो, तिच्या बापाला विचारतो. दोघी तर निघायच्या तयारीत. माझा भाऊ, त्याला गेल्या साली झटका येऊन गेलाय. त्याच्या दारात ह्या उभ्या राहिल्या असत्या आन् त्याला तर काहीच ठावं न्हाई.

मी उभी राहिले आन् खोटं बोलले. म्हणलं, प्रतिक्षा संक्रांतीला मला भेटून गेली. थांबा, कापू नका, असं तिनं तोंडी सांगतलं होतं. मला ऐकू आलं न्हाई. मी उलटं समजले. चूक माह्या कानाची.

त्यांना ते इतकं लवकर पटलं की मलाच नवल वाटलं. कोणी उलटं विचारलं न्हाई. एक दोघी मान हालवून राहिल्या. चार साल झाले, मी त्यांचं सारं ओठावरून वाचते, हिशोब बघते, बँकेत जाते, आन् एका दमात साऱ्यांना आठवलं की ही बहिरी हाय. फक्त रुख्मिणीबाई म्हणली, असं असंल तर कंपनीकडून लिहून आणा.

म्हून हे पत्र. तुला माफ केलं असं समजू नको. तुह्या बापासाठी करून राहिले. तू कंपनीच्या कागदावर गटाच्या नावानं एक पत्र लिही. मी सांगतलं तेच त्यात आलं पायजे. तुह्या कंपनीच्या मराठीत लिही, ज्यात कोणी काही केलं असं दिसत न्हाई आन् वाचून कोणाला काही विचारता येत न्हाई. ते तुला येतं.

खरं लिहायचं असंल तर ते बी लिही. मंग बायकांना तुह्या बापाच्या दारात जाताना मी अडवणार न्हाई. तुझं तू ठरव.

सुमन

*

पुणे,
४ एप्रिल २०२५

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य भगिनी,
महिला बचतगट, मौजे कुरुंदा

विषय : हळद काप उपक्रमाबाबत

महोदया,

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने कळवण्यात येते की, बदलत्या बाजारपरिस्थितीमुळे चालू हंगामातील काप खरेदी स्थगित ठेवण्यात आली असून, याबाबतची पूर्वसूचना आमच्या प्रतिनिधीमार्फत जानेवारी महिन्यात गटाच्या अध्यक्षांना तोंडी देण्यात आली होती. तथापि, श्रीमती सुमनबाई यांच्या श्रवणविषयक मर्यादेमुळे सदर सूचनेचे आकलन अपेक्षेप्रमाणे होऊ शकले नाही, असे निदर्शनास येते. यातून उद्भवलेल्या परिस्थितीबद्दल कंपनी सहवेदना व्यक्त करते. भविष्यात संवाद अधिक परिणामकारक व्हावा यासाठी गटाने सक्षम संपर्कव्यक्तीची नेमणूक करावी, अशी विनंती आहे.

आपल्या सहकार्याबद्दल आभार.

प्रतिक्षा
(शेतकरी संवाद)

[सोबत, वेगळ्या कागदावर :]

आत्या, दुसरं पत्र पण लिहिलं होतं. खरं. ते दोन दिवस पर्समध्ये ठेवलं. मग बाबांचा फोन आला, गोळ्या संपल्यात म्हणून, आणि मी ते फाडलं. शेवटची 'सक्षम संपर्कव्यक्ती'ची ओळ माझी नाही, साहेबांनी घातली. त्यांना पत्र आवडलं. म्हणाले, बाकीच्या गावांना पण असंच जाऊ दे, नावाच्या जागी त्या त्या गावातलं कुणीतरी शोधायचं.

*

कुरुंदा,
१६ एप्रिल २०२५

प्रतिक्षा,

पत्र पोचलं. मिनानं समाजमंदिरात मोठ्यानं वाचलं. मोठ्यानंच वाचलं असंल, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मी तिच्या ओठांकडं बघत होते. 'श्रवणविषयक मर्यादा' ह्याच्यावर ती अडखळली. मंग मागून कोणी तरी सांगतलं असंल, कारण ती वळली आन् म्हणली, हां, बहिरी, तसं लिहिलंय. चांगलं लिहिलंस. कोणी काही विचारलं न्हाई. कनेरगावला आता कोणी जात न्हाई. भावाला काही कळू देऊ नको.

कंपनीनं सांगतलं म्हून गटाची अध्यक्ष आता मिना हाय. तिला काही पेलणार न्हाई, पण तिला ऐकू येतं.

समाजमंदिरात कुणाचं तरी लगीन हाय, पोती काढा म्हणले. बाहेर काढली तर अवकाळीचं शिंतोडं आलं, त्यात खालच्या पोत्यांना बुरशी लागली. काही उकिरड्यावर गेलं, काही रुख्मिणीबाईनं तिच्या बांधावर ओतलं. तिथली माती अजून पिवळी हाय. जिवनबाईच्या सुना हात धुवून धुवून थकल्या, त्यांचा रंग जाऊन राहिला न्हाई.

खण ह्या पाकिटात हाय. यंत्रावर ठेवला तेवढाच, शिवला न्हाई. वहिनीला परत दे, काहीतरी कारण सांग, तुला सुचंल. पुढल्या साली धाडू नका. आमच्या घरी कढई पेटली तर ती बिनखणाची पेटंल.

मिनाचं वाचून झालं तवा मी रुख्मिणीबाईकडं बघितलं. बाकी साऱ्या मिनाकडं बघत होत्या, ती माह्याकडं बघत होती. तिला ठावं हाय. मला ओठावरचं सारं कळतं, तू खरंच समोर बसून बोलली असतीस तर मी उलटं समजले नसते, हे तिच्याएवढं कोणाला माहीत हाय? ती बोलली न्हाई. मी बी न्हाई.

काल ती आपल्या अंगणात आली होती. बादली घेऊन गेली. मी भाजी निवडत बसले होते पाठमोरी, मला कळलंच न्हाई. बादली जागेवर दिसली न्हाई तवा कळलं. आधी आली की खांद्याला हात लावायची.

मला आता लिहू नको.

आत्या